खारातल्या शेतात पाणी का मुरत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अलिबागच्या खारेपाटात वडिलोपार्जित तीन एकर भातशेती. आजोबांच्या लहानपणी तिथे खाडीचं पाणी खेळायचं, तिवरं होती. मग बांध घालून जमीन लागवडीला आणली. आता पावसात शेतात पाणी आठ-आठ दिवस तुंबतं, आणि डोंगराच्या अंगाला असलेल्या घराची विहीर मार्चमध्ये मचूळ होते. कोणीतरी सांगितलंय की जेसीबीने खालचा कडक थर फोडला की पाणी मुरेल आणि विहिरीलाही लागेल. शिवाय डोंगरपायथ्याला पंधरा गुंठ्यांची एक पाणथळ आहे, ती चर काढून सुकवायची आणि माड लावायचे असा विचार आहे. पाणथळ शेतीखाली आणली की पाणी मुरणं वाढतं की घटतं, हे तुम्हाला हवंय.

जेसीबीवाल्याला आधी थांबवा. बाकीचं सगळं नंतर बोलू, पण हे आजच करा.

मी तीस वर्षं कोकणात मृदसंधारणाचं काम केलंय, त्यातली निम्मी खारजमिनीवर. या काळात एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. जमीन पाणी पीत नाही म्हणजे दोनपैकी एक तरी झालेलं असतं: तिचं तोंड बंद असतं किंवा पोट भरलेलं असतं. तोंड म्हणजे वरचा वीतभर थर. पोट म्हणजे त्याच्या खाली पाण्याला जायला शिल्लक असलेली जागा. दोन्ही दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी. खारेपाटात बहुतेक वेळा पोट भरलेलं असतं आणि लोक तोंडावर इलाज करत बसतात. तुमच्या शेतात दोन्ही दुखणी असावीत असा माझा अंदाज आहे.

आधी पोटाकडे पाहू. तुमच्या शेताची पातळी आणि खाडीच्या भरतीची पातळी यांत फार अंतर नाही. उधाणाच्या भरतीला तर शेत खालीच असतं, म्हणून तर बांध आहे. त्यातच एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बांध घातला त्या दिवसापासून शेतात खाडीचा गाळ यायचा थांबला. बांधाबाहेर मात्र प्रत्येक भरतीला गाळ साचतोच आहे. आतली माती सुकली, तिच्यातला कुजका पाला हवा लागून जळाला, माती दबली आणि बसली. त्यामुळे दोन-तीन पिढ्यांनंतर बांधाबाहेरची चिखलवाट उंच आणि आतलं शेत खोलगट, असं चित्र दिसतं. एकदा पूर्ण ओहोटीला बांधावर उभं राहून दोन्हीकडे बघा, डोळ्यांनाच कळेल.

पावसाळ्यात अशा शेताखालचं भूजल वीत-दीड वितीवर येऊन थांबतं. त्याच्याखाली सगळं ओतप्रोत भरलेलं. वरची माती कितीही भुसभुशीत केलीत तरी पाणी जाणार कुठे? भरलेल्या घागरीचं तोंड रुंद केल्याने तिच्यात जास्त पाणी मावत नाही.

हे गणितानेही तपासता येतं. एका गुंठ्यावर १ मिमी पाऊस म्हणजे सुमारे १०१ लिटर पाणी. जुलैत दिवसाला १०० मिमी पाऊस आपल्याकडे नवलाचा नाही. म्हणजे एका एकरावर एका दिवसात चार लाख लिटर. चिखलणी केलेल्या चिकण मातीतून दिवसाला फार तर काही मिलिमीटर पाणी खाली झिरपतं. ३ मिमी धरा: एकरी बारा हजार लिटर. काहीतरी जादू करून तुम्ही मुरण दुप्पट केलंत तर चोवीस हजार. उरलेलं पावणेचार लाख लिटर पाणी चरातून, उघाडीतून (बांधातल्या झडपेच्या मोरीतून) खाडीतच जायला हवं. तुमचं आठ-आठ दिवस तुंबणारं पाणी म्हणजे निचऱ्याचा प्रश्न आहे, आणि तो उघाडीपाशी अडला आहे.

उघाडीची झडप ओहोटीला उघडते, भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते. सुमारे साडेबारा तासांत एक भरती-ओहोटी, म्हणजे दिवसातून दोनदा काही तास पाणी बाहेर पडायला वाव. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुसळधार पाऊस लागला की झडप जास्त वेळ मिटलेली राहते, आणि उघाडीबाहेरची नाळ गाळाने भरली असेल तर ओहोटीलाही पाणी नीट उतरत नाही. झडपेचं लाकूड कुजलंय, फटीत दगड किंवा फांदी अडकलीय, किंवा कोणी मासे धरायला ती वर बांधून ठेवलीय, हे तर मी दरवर्षी पाहतो. एका फटीतून उन्हाळाभर खारं पाणी आत आलं की पुढचा पावसाळा ते धुण्यातच जातो.

आता तोंडाकडे वळू. इथे माती आणि मीठ यांचं नातं समजून घ्यायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम जवळजवळ १०.८ ग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम ०.४ ग्रॅम. वर्षानुवर्षं असं पाणी मुरलेल्या मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो. कॅल्शियम मातीच्या बारीक कणांना एकमेकांशी धरून ठेवतो, त्यांच्या गुठळ्या होतात आणि गुठळ्यांमधल्या फटींतून पाणी जातं. सोडियम कणांना एकमेकांपासून ढकलतो. पण जोवर मातीत भरपूर मीठ आहे तोवर हा ढकलण्याचा जोर दिसत नाही, कारण खाऱ्या पाण्यात कण तसेही एकत्र राहतात. म्हणून खाजणातला, म्हणजे भरतीचं पाणी खेळणाऱ्या तिवरांच्या जमिनीतला, चिखल खारा असूनही दाणेदार असतो.

मग बांध घातला. खाडीचं पाणी थांबलं, आभाळाचं पाणी पडू लागलं. आभाळाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. जूनभर पाऊस पडतो, मोकळं मीठ धुऊन जातं, पण कणांना चिकटलेला सोडियम तितक्या सहज सुटत नाही. मीठ गेलं, सोडियम राहिला. आता कण सुटे होतात, पाण्यात तरंगतात आणि खाली बसताना बारीक फटी बुजवून टाकतात. जमिनीवर सायीसारखा गुळगुळीत थर येतो. मीठ धुतलं जातं आणि नेमकं तेव्हाच पाणी मुरायचं थांबतं. ‘पहिल्या पावसात पाणी जातं, आषाढात जात नाही’ असं खारेपाटातले शेतकरी सांगतात, त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. त्याचं एक कारण हे, दुसरं पुढे सांगतो.

हे घरी बघता येतं. काचेचे दोन स्वच्छ पेले घ्या. एकात पावसाचं पाणी, दुसऱ्यात खाडीचं. शेतातलं सुकलेलं, हरभऱ्याएवढं ढेकूळ दोन्हींत अलगद सोडा आणि पेल्यांना हात लावू नका. दोन तासांनी पाहा. खाडीच्या पाण्यातलं ढेकूळ विरघळून पसरलं असेल, पण वरचं पाणी नितळ दिसेल. पावसाच्या पाण्यातल्या ढेकळाभोवती दुधासारखं वलय उठलं असेल आणि हळूहळू सगळा पेला गढूळ होईल. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते पाणी निवळलेलं नसेल. असं वलय दिसलं की सोडियमचं दुखणं आहे असं समजा. एक खबरदारी घ्या: ढेकूळ ऑक्टोबरचं हवं, पावसाने धुतलेलं. एप्रिलचं घेतलंत तर त्यातलंच मीठ कणांना धरून ठेवील, दोन्ही पेले नितळ दिसतील आणि चाचणी फसेल.

तोंड बंद व्हायचं दुसरं कारण आपण स्वतः तयार करतो. चिखलणी ही पाणी मुरू नये म्हणूनच केलेली मशागत आहे. भाताला पाणी उभं हवं, म्हणून आपण मातीच्या गुठळ्या मोडतो आणि वीतभर खाली एक घट्ट तळ तयार करतो. डोंगरउतारावरच्या खाचरात ते योग्यच आहे, नाहीतर पाणी जांभ्यात पळून जाईल. खारात मात्र मुळातच न मुरणाऱ्या मातीला आपण आणखी लेप देतो. जुने लोक खारात नांगर फारसा घालत नसत. मोड आलेलं बी चिखलात फेकायचं, ज्याला रहू म्हणतात. लावणीही नाही आणि घोटून केलेला चिखलही नाही. ती पद्धत मला त्या मातीच्या स्वभावाला धरून वाटते. पॉवर टिलर आल्यापासून दोन-दोन, तीन-तीन वेळा चिखल करायची सवय लागली आहे. ओल्या चिकण मातीवर वजन फिरलं की ती दबते आणि दबलेली माती आपणहून मोकळी होत नाही.

तिसरं कारण म्हणजे जे गेलं ते. तिवरांची मुळं, खेकड्यांची बिळं, मेलेल्या मुळांच्या जागी राहिलेल्या नळ्या: खाजणाच्या चिखलात पाणी खेळायचे मार्ग हेच होते. चिकण माती स्वतः फार पाणी सोडत नाही, ती बिळं सोडतात. शेती आली, मुळं गेली, खेकडे गेले आणि दोन-चार चिखलण्यांत वरच्या नळ्या मिटल्या. खेकडे आता फक्त बांधात उरले आहेत, आणि तिथे ते नको असतात, कारण त्यांच्या बिळांतून झिरपा सुरू होऊन उधाणात बांधाला खांड, म्हणजे खिंडार, पडते.

आता थोडं खणून बघा. कापणीनंतर, फेब्रुवारीच्या सुमारास, शेताच्या मधोमध कमरेइतका खड्डा घ्या. माणसाने फावड्याने खणायचा, यंत्राने नाही, म्हणजे थर हाताला कळतात. वरचा वीतभर थर तपकिरी, भेगाळलेला, भाताच्या मुळांनी भरलेला. मग फावडं अडखळतं, माती पातळ पापुद्र्यांसारखी निघते: तो चिखलणीचा तळ. त्याच्या खाली राखाडी माती आणि तिच्यात उभ्या, गंजाच्या रंगाच्या रेघा. रेघ बोटाने फोडून पाहा, आत पोकळ नळी सापडेल. कुठल्यातरी तिवराच्या किंवा गवताच्या मुळाची ती जुनी वाट. तिच्यातून हवा गेली म्हणून कडेचं लोह गंजलं. अशा नळ्या जिथवर दिसतात तिथवर जमीन श्वास घेते असं मी मानतो. त्याखाली निळसर-काळा, लोण्यासारखा मऊ चिखल लागतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तिथे थांबा. फावडं बाहेर काढा.

जेसीबीला मी थांबवलं ते या निळ्या चिखलामुळे. खाजणाच्या चिखलात हवेविना राहिलेलं लोह आणि गंधक एकत्र बांधलेलं असतं. दबलेलं आहे तोवर ते निरुपद्रवी असतं. वर काढून हवेवर टाकलं की काही आठवड्यांत गंधकाचं आम्ल होऊ लागतं. केरळात कुट्टनाडच्या काही भागांत याच प्रकारच्या आम्लयुक्त जमिनींनी शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या छळलंय. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठी माझ्या डोळ्यांदेखत हे घडलं. एका शेतकऱ्याने तळं खणलं आणि तळातला काळा चिखल ‘सुपीक दिसतो’ म्हणून शेतात पसरला. पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात भात पिवळं पडून बसलं. ढेकळं फोडली तर आत फिकट पिवळे, वाळक्या पेंढ्याच्या रंगाचे डाग होते. मी आदल्या मे महिन्यात त्या बांधावरून गेलो होतो, ढीग पाहिला होता, आणि थांबून सांगितलं नाही. त्याची सल अजून आहे. चिखलात शिंपले-कालवं भरपूर असतील तर त्यांचा चुना बरंचसं आम्ल मारतो, पण त्या भरवशावर यंत्र घालू नका.

आणि थर फोडून मिळणार काय? सोडियमवाल्या मातीत फोडलेली भेग पहिल्या दोन मोठ्या पावसांत पुन्हा मिटते, कारण माती पाण्यात विरघळून त्याच भेगेत उतरते. शिवाय खालचं खारं भूजल पृष्ठभागाच्या आणखी जवळ आल्यासारखं होतं. उन्हाळ्यात ते मोकळ्या वाटेने वर चढेल आणि मार्चमध्ये शेतावर पांढरी खपली धरेल.

भेगांवरून आठवलं. मुरण मोजायला सोपी रीत आहे. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचं तळ आणि झाकण कापा, डबा बोटभर मातीत दाबा, आत पट्टी उभी करा, पाणी भरा आणि दर पंधरा मिनिटांनी पातळी लिहा. चिकण मातीत ताशी १ ते ५ मिमी, वाळूत ३० मिमीच्या वर, हे ढोबळ प्रमाण लक्षात ठेवा. पण मार्चमध्ये भेगाळलेल्या शेतात हे करू नका. पहिला डबा बघता बघता गडप होतो आणि माणूस खूश होतो. ते पाणी मातीत मुरलेलं नसतं, भेगेतून खाली गेलेलं असतं. माती फुगली, भेगा मिटल्या की खरा वेग कळतो. पहिल्या पावसात पाणी जातं याचं दुसरं कारण हेच. मोजायचं तर कापणीनंतर लगेच, जमीन ओली असताना मोजा आणि तीन ठिकाणी मोजा: शेतात, बांधावरच्या गवतात आणि परसातल्या आंब्याखाली. तीन आकडे शेजारी लिहिले की मुळांचं काम काय असतं ते मी सांगायची गरज उरणार नाही.

विहिरीबद्दल मला स्पष्ट लिहू द्या, कारण तुमची सगळ्यात मोठी आशा तिथे आहे. तुमच्या खारातलं पाणी विहिरीला कधीच लागत नव्हतं आणि लागूही नये, ते खारं आहे. विहीर डोंगराच्या अंगाला आहे, तिला पाणी येतं ते डोंगरातून. पावसाचं पाणी उतारावर मुरतं, कठीण किंवा चिकण थर लागला की आडवं चालतं आणि पायथ्याशी फुटतं. हे गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून त्याच्यावर तरंगतं. किनाऱ्यावरचा ढोबळ हिशेब असा की समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी खाऱ्याला दाबून धरतं. प्रत्यक्ष थरांप्रमाणे यात फरक पडतो, पण अर्थ लक्षात घ्या: वरची पातळी हातभर उतरली तर खालून खारं पाणी कित्येक पट वर सरकतं. नागाव-रेवदंड्याच्या वाड्यांतल्या विहिरी वाळूत साठलेल्या अशाच गोड्या पाण्यावर उभ्या आहेत. तुमची विहीर मार्चमध्ये मचूळ होते याचा अर्थ डोंगरातून येणारं पाणी कमी पडतंय, किंवा उपसा वाढलाय, किंवा दोन्ही. आसपास नवे पंप किती बसले ते आधी बघा.

आणि म्हणून तुमच्या पंधरा गुंठ्यांच्या पाणथळीला हात लावू नका असं मी कळकळीने सांगतो. लोकांची समजूत असते की जिथे पाणी साठतं तिथेच ते मुरतं. डोंगरपायथ्याच्या पाणथळी बहुतेकदा पाणी मुरायच्या जागा नसतात, त्या पाणी बाहेर यायच्या जागा असतात. डोंगर तिथे पाझरतो. ती जागा दिवाळीनंतरही ओली राहते कारण मागचं भूजल त्या पातळीपर्यंत भरलेलं आहे, आणि तुमच्या विहिरीला आधार त्याच पातळीचा आहे. तिथे तुम्ही कमरेइतका चर काढलात तर मागचं भूजल त्या चराच्या तळापर्यंत उतरेल, ऑक्टोबरमध्येच वाहून जाईल, आणि विहीर मार्चऐवजी जानेवारीत मचूळ होईल. जमीन सुकेल, वरच्या थरात पाणी मुरायला जागाही होईल, डबा लावून मोजलंत तर मुरण वाढलेलं दिसेल आणि तरी विहीर आटेल. नुसता मुरण्याचा आकडा बघणारा माणूस फसतो तो असा.

माड लावायचेच असतील तर चर न काढता कडेकडेने मातीचे उंचवटे करून त्यावर लावा, माती बाहेरून आणून. मध्ये पाणी राहू द्या. तिथे वायंगणी (उन्हाळी) भात होत असेल तर तो घ्या, अळू लावा, काही न करता ठेवलंत तरी ती जागा तुमचं काम करतेच आहे. कागदाची बाजूही पाहून ठेवा. २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून भातशेती वगळलेली आहे, पण नैसर्गिक पाणथळीला ती सूट आपोआप लागू होत नाही. सातबाऱ्यावर त्या जागेची नोंद काय आहे ते तलाठ्याकडे बघून घ्या. खाराच्या बाबतीतही एक सांगतो. खांड पडून जिथे शेत पडीक राहिलं आणि कांदळ (तिवरं) उगवलं, तिथे ते तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनं तोडायला राज्यभर मनाई केली आहे. ज्यांची पिकती जमीन बांध फुटून अशी गेली त्यांचं दुःख मी जवळून पाहिलंय, ते लहान नाही. ज्या खारेपाटाने १९३३ ला चरीचा शेतकरी संप सुरू केला आणि सहा वर्षं जमीन न कसता तग धरला, तिथल्या माणसाला जमीन म्हणजे काय हे मी सांगायला नको. म्हणूनच बांध फुटण्याआधी त्याच्याकडे बघा. फुटल्यानंतर हातात फारसं काही राहत नाही.

मग खारात करायचं काय? क्रम महत्त्वाचा आहे. बांध आणि उघाडी पहिल्यांदा. एकट्याने होणार नाही, त्या उघाडीवर ज्यांची ज्यांची शेतं आहेत त्या सगळ्यांना एकत्र बसवा. १९७९ च्या खारभूमी विकास कायद्याखालच्या योजनेत तुमचा बांध असेल तर तसा अर्ज करा. नसेल तरी झडप बदलणं आणि बाहेरची नाळ साफ करणं गावाला जमतं. त्यानंतर शेतातले उथळ चर: वीत-दीड वीत खोल, उघाडीकडे उतरते. याहून खोल नको. पाऊस पडला की पहिलं पाणी मीठ विरघळवतं, ते साठवून ठेवू नका, सोडून द्या. मग पुन्हा भरू द्या, पुन्हा सोडा. असं दोन-तीनदा केलं की लागवडीपुरतं मीठ उतरतं.

हे झाल्यावर जिप्सम. आधी माती तपासा, पण नेहमीच्या मृद आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका. तिच्यातल्या १२ घटकांत सामू आणि क्षारता असते, कणांना चिकटलेला सोडियम नसतो. तो वेगळा तपासून मागा आणि जिप्समची गरज किती तेही विचारा. पनवेलचं खार जमीन संशोधन केंद्र किंवा रोह्याजवळ किल्ल्याचं कृषी विज्ञान केंद्र इथे चौकशी करा. नमुने दोन वेळा घ्या, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. एकाच शेताचे आकडे इतके वेगळे येतात की नमुने बदलले की काय असं वाटतं. चिकटलेला सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर जिप्समचा उपयोग होतो, खाली असेल तर पैसे पेंढा आणि हिरवळीच्या खतावर घाला. अंदाजासाठी: वरच्या १५ सेंटिमीटर थरातला सोडियम प्रयोगशाळेच्या मापाने शंभर ग्रॅम मातीमागे एक एकक कमी करायला हेक्टरी सुमारे दोन टन जिप्सम लागतं. ते मे अखेरीस पसरून वरच्या थरात मिसळायचं आणि पावसाला काम करू द्यायचं. कॅल्शियम कणांवर बसतो, सोडियम सुटून पाण्यात येतो आणि ते पाणी बाहेर जायलाच हवं. निचरा नसेल तर सुटलेला सोडियम तिथेच राहतो. आणि एका उधाणाचं पाणी आत आलं की सगळा खर्च वाहून गेला असं समजा. म्हणून बांध पहिला म्हटलं.

मुळं परत आणायची. भाताआधी धैंचा पेरा. तो क्षार बऱ्यापैकी सोसतो, त्याची मुळं चिखलणीच्या तळातून खाली उतरतात आणि गाडल्यावर मागे नळ्या राहतात. बांधावर गिरिपुष्प लावा, पाला शेतात टाका. चिखलणी एकदाच, हलकी. तुमच्या शेतात पाण्याची उंची सांभाळता येत असेल तर एका एकरात रहू करून पाहा. बी पनवेलच्या केंद्राने खारासाठी काढलेल्या वाणांपैकी घ्या. कापणी झाली की ओल असतानाच वरची माती हलकी हलवा आणि पेंढा पसरा, सगळा विकू नका. जमीन उघडी तापली की खालचं खारं पाणी वातीसारखं वर चढतं आणि मीठ पृष्ठभागावर सोडून जातं. आच्छादनाने ती वात तुटते. शेताचा एखादा कोपरा फारच खोलगट असेल तर तिथे उथळ तळं करा, निळा चिखल लागायच्या आत थांबा आणि निघालेली वरची माती उरलेल्या शेतावर चढवा. शेत चार बोटं उंच झालं तरी मुळांना जागा मिळते. आपल्याकडे घरोघरी जिताडा माशाची तळी असतातच, हे त्याहून वेगळं नाही.

विहिरीसाठी खर्च डोंगरावर करा. उतारावर समतल चर, त्यांच्या कडेला गवत, आणि पऱ्याला (ओढ्याला) पाणी वाहतं आहे तोवर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे. घराच्या छपराचं पाणी गाळून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडलंत तर तेही मोजण्यासारखं असतं: हजार चौरस फुटांच्या छपरावर २५०० मिमी पावसात दोन लाख तीस हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं. फेब्रुवारीपासून पंप एका दमात तासभर चालवण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा चालवा, खारं पाणी वर खेचलं जाणार नाही.

या मे महिन्यात उघाडीचे दोन फोटो काढून पाठवा, एक पूर्ण ओहोटीचा आणि एक उधाणाच्या भरतीचा, झडपेची खालची कड दिसेल असे. सोबत विहिरीच्या पाण्याची पातळी काठापासून किती खाली आहे ते दर पंधरा दिवसांनी लिहून ठेवा, पंप चालवायच्या आधी सकाळी मोजलेली.